सगुणाईचं माहेर

परवा घटाची माती विकत आणली.

नवरात्राच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक टेम्पो उभा राहतो. परडी, पत्रावळ, सात धान्यांची पुडी, झेंडू, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली काळी माती. विकणारा म्हणाला, "ताई, चाळलेली आहे. खडा सापडला तर पिशवी परत आणा." मी पिशवी नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. टेम्पो जिथे उभा होता तिथे पूर्वी आमच्या वावराचा बांध होता. ही इमारत आमच्याच जमिनीवर उभी राहिली आणि त्या व्यवहारात वडिलांच्या वाट्याला जे घर आलं, त्यात मी राहते. म्हणजे स्वतःच्या मातीच्या डोक्यावर उभं राहून मी दुसऱ्या कुठल्या तरी गावची माती विकत घेतली, आणि लिफ्टनं वर आले.

आश्विन लागला की अजून अंगात काहीतरी हलतं. हस्ताचा पाऊस पडून गेलेला असायचा. ऊन पाठीला चावायचं. खळ्यावर बाजरीची कणसं पसरलेली, आणि त्यांचं तूस वाऱ्यानं उडून मानेवर बसलं की अंगाची आग व्हायची. एका अंगाला ज्वारीच्या पेरणीसाठी मोकळं केलेलं रान, त्याचा तो ओलसर, थोडासा आंबूस वास. घरात कडाकण्या तळल्या जात. त्या दोऱ्यात ओवून देवीसमोर टांगायच्या असल्यामुळे नवव्या माळेपर्यंत आम्हाला त्यांच्याकडे नुसतं बघत बसावं लागे. दिवेलागणीला नदीकडून संबळ ऐकू यायचा आणि हातातलं काम टाकून बायका देवळाकडे निघायच्या.

त्यांच्या पुढे असायची गंगूआत्या.

गंगूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि दोन-तीन वर्षांत सासरहून परत आली ती आमच्याच घरात राहिली. का परत आली हे तिनं कधी सांगितलं नाही. घरात कुणी विचारत नसे, त्यामुळे आम्हा मुलांनाही विचारायचं सुचलं नाही. उंच, हडकुळी, बोलायला कमी. वर्षातून एकदाच ती चारचौघांत बोलायची. सातव्या माळेला, सगुणाईच्या देवळात, देवी गावात कशी आली ते ती सांगायची. तिच्या आधी तिची चुलती सांगायची, चुलतीच्या आधी आणखी कुणी. पोथी नव्हती. पुजारी बाजूला बसायचा, आणि बाई सांगायची.

खराडीला लागून, मुळा-मुठेच्या काठावरचं आमचं गाव. देऊळ नदीच्या अगदी कडेला होतं. काळ्या दगडाचं, बुटकं, वाकून आत जावं लागेल असं. नवख्या माणसाला एक गोष्ट खटकायची. देवीची पाठ गावाकडे होती. गावातून गेलं की आधी देवळाची आंधळी भिंत लागायची. वळसा घालून नदीच्या बाजूला गेल्यावर दार. आत कडेवर घागर घेतलेल्या बाईसारखा दिसणारा शेंदूर माखलेला दगड. दोन डोळे आणि नाक असावं असा उंचवटा. ते डोळे सरळ पाण्यावर लागलेले.

आत्या सांगायची ते असं.

सगुणा नदीपलीकडची लेक, आमच्या गावची सून. लहान वयात दिलेली. पावसाळ्यात नदीला लोंढा आला होता आणि सासूनं तिला पाण्याला धाडली. ती घागर भरून आली. सासू म्हणाली, "गढूळ हाय. ओत." ती पुन्हा गेली. पुन्हा घागर आली, पुन्हा सासू म्हणाली, "गढूळ हाय. मधल्या धारंचं आन." सगुणा तिसऱ्यांदा निघाली. वाटेत चावडी होती. चावडीवर गावचे बाप्ये बसले होते. ती प्रत्येक खेपेला त्यांच्यासमोरून गेली, भिजत, लुगडं वर खोचून. नदी चढत होती ते तिथून सगळ्यांना दिसत होतं.

इथे आत्या थांबायची. मंडपात पुरुष एका बाजूला बसलेले असत. ती त्यांच्याकडे बघायची. एकेकाकडे. मग म्हणायची, "कुनी म्हनलं न्हाई, पोरी, जाऊ नगं."

पुरुष खाली बघायचे. माझे वडील, चुलते, शाळेतले गुरुजी, सगळे. लहान असताना मला वाटायचं, ते झोपलेत.

सगुणा परत आली नाही. त्या वर्षी पेरलेलं उगवलं नाही. नदी उतरल्यावर वाळूत तो दगड सापडला. गावानं तो गावाकडे तोंड करून बसवला, सकाळी पाहिलं तर तो पाण्याकडे वळलेला. पुन्हा फिरवला, पुन्हा वळला. शेवटी गावानं कौल लावला तेव्हा एका बाईच्या अंगात येऊन ती बोलली, "माज्या माहेरी सांगा. म्या वाहून गेले न्हाई. मला धाडली."

म्हणून दरवर्षी आठव्या माळेला गावातला सगळ्यात वडीलधारा पुरुष साडीचोळी घेऊन नदीपलीकडे, तिच्या माहेरच्या घरी जायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "तुमची लेक आमी धाडली. ती परत आली न्हाई." त्या घरची बाई पुढे येऊन साडी घ्यायची. ती काही बोलायची नाही. बोलायचं नसतंच. आणि आमच्या माणसानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाण्यासाठी ज्यांनी लेक घालवली त्यांना त्या घरचं पाणी कसं चालेल? आश्विनाच्या उन्हात चालत जाऊन, घसा कोरडा करून, तो म्हातारा तसाच परत यायचा.

आता वाटतं, किती अवघड गोष्ट होती ही. लोक आपापल्या गावाच्या फुशारक्या सांगतात. आमचं गाव वर्षातून एकदा दुसऱ्याच्या दारात जाऊन आपला गुन्हा कबूल करत होतं. कुणी शिक्षा देणारं उरलेलं नसताना, आणि कुणी विचारतही नसताना.

*

मग खराडीत कंपन्या आल्या.

आधी रस्ता रुंद झाला. मग गाड्या थांबायला लागल्या आणि काळे चष्मे लावलेली माणसं बांधावर उभी राहून हात लांब करून काहीतरी दाखवायला लागली. काचेची इमारत उभी राहिली, तिच्या शेजारी दुसरी. मी तेव्हा नुकतीच पदवीधर झाले होते आणि त्यातल्याच एका इमारतीत कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायची. आमच्या तुकडीत आमच्या भागातली मी एकटीच होते. बाकीची मुलं अकोल्याची, यवतमाळची, लातूरची. मला कामासाठी एक इंग्रजी नाव दिलेलं होतं. खिडकीतून खाली बघितलं की आमचं गाव दिसायचं. कुंपणाच्या तारा घातलेली वावरं, त्यात माजलेलं गाजरगवत, आणि नदीच्या कडेला सगुणाईच्या देवळाचा काळा ठिपका. ज्या आश्विनाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी गावात बाजरी नव्हती. खळी नव्हती. वाऱ्यावर तुसाऐवजी सिमेंट यायचं.

बापूकाका देवस्थानचे अध्यक्ष झाले. ते वडिलांचे चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यात आधी धावणारा. जमिनीचे व्यवहार जमवून देण्यात त्यांचा हात असायचा आणि गावात त्यांचा शब्द चालायला लागला होता. नवं देऊळ बांधायचं त्यांनीच मनावर घेतलं. जुनं काढून, थोडं वर, रस्त्याला लागून. संगमरवरी मूर्ती, सिंहावर बसलेली, आठ हातांची. तोंड रस्त्याकडे. जुना दगड मूर्तीमागे एका कोनाड्यात ठेवला. त्याला पितळी मुखवटा चढवल्यामुळे तो आता कुठे बघतो ते कळायला मार्ग नव्हता.

पलीकडे साडी घेऊन जाणारे थोरले आबा त्याच उन्हाळ्यात वारले होते. नवरात्राच्या आधी मंडपात बैठक झाली. बायका कडेला बसल्या होत्या, मी आत्याजवळ. बापूकाका म्हणाले, "आबा गेले, आता ते साडीचं बंद करू."

"का?" आत्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"आक्का, अगं आता इथं मोठमोठ्या सोसायट्या होणार. शिकलेली लोकं येणार दर्शनाला. त्यांनी विचारलं, ही देवी कोण, तर काय सांगायचं? आमच्या गावानं सून बुडवली आन् तिचीच देवी केली?"

"व्हय," आत्या म्हणाली. "त्येच सांगायचं."

कुणीतरी हसलं. बापूकाकाही हसले, पण त्यांचा आवाज उतरला. "मग फ्लॅट कोन घेईल इथं?"

माझे वडील तिथेच बसले होते. त्यांनी मंडपाच्या कापडाकडे बघितलं.

नवी कथा तयारच होती. पेठेतल्या कुणा गृहस्थांनी लिहून दिली होती. ते गावात कधी आले नव्हते, पण सोबत संस्कृत श्लोक मात्र जोडून दिला होता. देवीनं एका राक्षसाचा वध केला आणि दमून या नदीकाठी विसावली. राक्षसाचं नाव गावाच्या नावाशी जुळेल असं बेतलेलं होतं, म्हणजे गावाच्या नावाचाही प्रश्न सुटला. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत ती कथा कोरून दाराशी लावली. चांगली दिसत होती. वाचून कुणाला खाली बघावं लागत नव्हतं.

सातव्या माळेला आत्या नेहमीसारखी हिरवं लुगडं नेसून देवळात गेली. संबळ थांबला तशी उठून पुढे आली. तेवढ्यात माइक घेतलेला एक निवेदक समोर येऊन उभा राहिला. बाहेरून बोलावलेला, झब्बा घातलेला. त्यानं राक्षसाची कथा सुरू केली. आवाज फार छान होता त्याचा. आत्या थोडा वेळ उभी राहिली. तिला वाटलं असेल, हा संपवेल आणि मग आपण सांगू. त्याच्यामागे ती तशी उभी दिसत होती, आणि लोकांना ती दिसत होती, आणि तिला खाली बस म्हणायलाही कुणी उठलं नाही. मग ती आपली आपणच बसली.

*

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी आत्या माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली साडी. "तुजी गाडी काढ," ती म्हणाली. "पल्याड जायाचं हाय."

"आत्या, बाईमाणसानं जायचं नसतं ना?"

"मंग बाप्या आन एखादा."

मी स्कूटी काढली. आत्या पहिल्यांदाच स्कूटीवर बसत होती. एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्या हातानं साडी घट्ट धरून. पुलावर नदीचा वास आला, सांडपाण्याचा. जलपर्णीनं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत झाकलेलं होतं. वरून ते हिरवंगार शेत वाटायचं.

माहेरचं घर अजून उभं होतं, पण ते घर राहिलं नव्हतं. सोप्याचे भाग पाडून खोल्या केल्या होत्या. प्रत्येक खोलीला पत्र्याचं दार, दाराबाहेर चपलांचा ढीग, दोऱ्यांवर वाळत घातलेले शर्ट. मालक फ्लॅटमध्ये राहायला गेले होते आणि भाड्याला एक एजंट यायचा. हे आम्हाला कळलं ते मधल्या दारातून बाहेर आलेल्या एका मुलीकडून. माझ्याच वयाची असेल. सावळी, तरतरीत, कपाळावर टिकली, हाताला पीठ. नाव वंदना. यवतमाळकडची. नवरा इथे एका कंपनीत कंत्राटावर होता.

मी आत्याला म्हटलं, "चल, जाऊ या. ते लोक नाहीत इथे."

आत्या खाली बघत होती. घराचा जुना दगडी उंबरा वंदनाच्या खोलीच्या वाट्याला आला होता. मधोमध झिजलेला. "उंबरा त्योच हाय," ती म्हणाली, आणि पदर सावरून सरळ उभी राहिली. आणि त्या परक्या मुलीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "तुमची लेक आमी धाडली. ती परत आली न्हाई."

वंदना घाबरली. "कोन? कोन गेली मावशी?"

आणि मग आत्या उंबऱ्याबाहेर फरशीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आदल्या संध्याकाळी जी कथा गिळून ती घरी आली होती, ती सगळी. मी आत्याला इतकं छान सांगताना कधी ऐकलं नव्हतं. वंदना पिठाचे हात तसेच धरून उंबऱ्याच्या आत बसली. ऐकता ऐकता तिनं पदरानं डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. चावडीपाशी आत्या थांबली. समोर बघायला पुरुष नव्हते. तेव्हा वंदनाच म्हणाली, "आन् कोनीच नाई रोखलं तिले?"

"न्हाई."

"एकानंबी नाई?"

"न्हाई गं पोरी."

कथा संपली. आत्यानं साडी पुढे केली आणि वंदनानं ती दोन्ही हातांनी घेतली, मांडीवर ठेवली, वरून हात फिरवला. आजवर ही साडी घेणाऱ्या बाया गप्प राहायच्या. त्यांना रिवाज माहीत होता. ही मुलगी म्हणाली, "लय वाईट झालं मावशी." जसं काही कालच झालं होतं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी ही गोष्ट योग्य माणसाच्या हातात पडली.

"बसा तुमी," ती उठत म्हणाली. "पुन्यात आल्यापासून तुमीच पयले आल्या मायाकडे. पानी आनतो." तिकडच्या बायका 'आणतो' म्हणतात, ते मला माझ्या तुकडीतल्या मुलींमुळे माहीत होतं.

ती आत गेली तेव्हा मला आतली भिंत दिसली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली मेणबत्ती.

तिनं स्टीलचा तांब्या आणि पेला आणला. पेला पुसून भरला. आत्याकडे धरला.

आत्यानं हात जोडले. "नगं बाई. पानी नगं."

"काहून? उन्हातून आल्या ना."

"हितलं पानी आमाला चालत न्हाई."

हे वाक्य आत्याच्या तोंडून बाहेर पडलं, आणि मी वंदनाच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मिटत गेला. राग नाही आला तिला. काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखा तो चेहरा झाला. पेला तिनं हळूच खाली ठेवला.

"समजलं मले," ती म्हणाली. "मले वाटलं, पुन्यात नसतीन असे लोकं."

"अहो, तसं नाही," मी म्हणाले. "तुमचा गैरसमज होतोय. तो आमच्या देवीचा..."

"तसं न्हाई पोरी," आत्याही घाईनं म्हणाली. तिला काय झालं ते अजून कळलं नव्हतं, फक्त काहीतरी मोडलं एवढं कळलं होतं. "त्यो रिवाज हाय आमचा."

"रिवाजच असते ना मावशी," वंदना म्हणाली. "आमच्या गावीबी रिवाजच हाय."

आत्यानं आत बघितलं. तसबीर बघितली. मग तिच्या लक्षात आलं. मी तिचा चेहरा तसा होताना कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. तिनं पेल्याकडे हात लांब केला. "दे. पिते म्या. दे हिकडं."

वंदनानं पेला उचलला आणि आपल्याजवळ धरला. "आता नको," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "जबरदस्तीनं पेलेलं काय कामाचं?" मग मांडीवरची साडी तिनं नीट घडी करून आत्याच्या टॉवेलात ठेवली. पुढे सरकवली. "हे घेऊन जा. तुमच्या देवीचं तुमीच ठेवा."

दार तिनं आपटलं नाही. पत्र्याचं होतं, तरी आवाज होऊ न देता लावलं.

आम्ही परत आलो. पुलावर वाहनं अडकली होती, बराच वेळ तिथेच थांबावं लागलं. आत्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तिला तहान लागली असणार. मलाही लागली होती.

*

चार-आठ दिवसांनी मी एकटी तिथे गेले. काय बोलायचं ते मनात जुळवत गेले होते. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या खोलीतला मुलगा म्हणाला, ते दोघं खडकीकडे गेले राहायला, तिकडे काम मिळालं. पत्ता त्याला माहीत नव्हता.

त्यानंतर कितीतरी नवरात्रं आली आणि गेली. तो दिवस मी पुष्कळदा उलटून पाहिला आहे. आमच्या गावाची मान खाली घालायला कुणीतरी केलेला रिवाज. तो त्या दारात जाऊन दुसऱ्याचीच मान खाली घालून आला. आत्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. वंदनाचं तर नाहीच. ज्या देशात पाणी नाकारण्याचा एकच अर्थ होतो, तिथे आमच्या लाजेला वेगळं पाणी कुठून मिळणार? बापूकाकांनी ती कथा बंद केली तेव्हा मी चिडले होते. पण कथा जिवंत ठेवायला निघालेली आत्या जे करून आली, ते बघितल्यावर कुणावर चिडायचं तेही राहिलं नाही.

आत्यानं ती साडी पेटीत ठेवली. पुढच्या वर्षी आठव्या माळेला मी आपणहून विचारलं, "जायचं का?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कुटं?"

मग जमिनीचे उरलेले तुकडेही गेले, घर गेलं, आम्ही या इमारतीत आलो. नदीपलीकडचं ते घर पाडलं, तिथेही आता अशीच इमारत आहे. वडील गेले. बापूकाका गेले. देवळाला भरपूर लोक येतात. नवरात्रात रांग लागते. रांगेत उभे असलेले लोक ग्रॅनाइटवरची कथा मोबाइलनं टिपतात, कुणी मोठ्यानं वाचून आपल्या मुलांना समजावतात. मुलं विचारतात, राक्षस कुठे मेला? आई-बाप नदीच्या दिशेला बोट करतात.

आत्या थकली. नावं विसरायला लागली. मला कधी माझ्या आईच्या नावानं हाक मारायची. पण कडाकण्यांचं पीठ किती घट्ट हवं ते तिला बरोबर कळायचं. ती वारली त्याच्या आदल्या नवरात्रात तिनं देवळात न्यायचा हट्ट धरला. मी तिला गाडीतून नेलं, धरून पायऱ्या चढवल्या, मंडपाच्या कडेला खुर्चीत बसवलं आणि ओटी भरायला गेले. परत आले तर समोरच्या सोसायटीतली एक तरुण मुलगी तिच्यापुढे गुडघ्यावर बसली होती. हातात मोबाइल, तोंडावर कौतुक.

"आजी, तुम्ही इथल्याच ना? ही देवी इथे कशी आली, सांगा ना."

आत्यानं पदर सावरला. हात वर केला, पूर्वी सुरुवात करताना करायची तसाच.

"राकीस मातला व्हता," आत्या म्हणाली. आवाज स्पष्ट होता, कुठे अडखळला नाही. "त्याला मारलं देवीनं. मंग दमली. आन् बसली हितं."

"हाऊ स्वीट," मुलगी म्हणाली आणि पाया पडून गेली.

मी आत्याशेजारी बसले. तिनं तसं का सांगितलं ते मला कळेना. विसरली असेल. किंवा विसरली नसेल, आणि आता परक्या माणसाला तेवढंच द्यायचं असं कधीतरी ठरवून टाकलं असेल. तिच्या डोळ्यांवरून काही समजत नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "देवी अशी नाही आली."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मंग कशी आली?"

मी सांगितलं. तिच्याच शब्दांत, जमेल तसं. सासू, घागर, गढूळ पाणी. लाउडस्पीकरवर आरती चालू होती म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन. आत्या गालाला हात लावून ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे भरले. चावडीपाशी मी थांबले.

"आन् कुनीच न्हाई म्हनलं तिला, जाऊ नगं?"

"नाही आत्या."

तिनं समोरच्या रांगेकडे बघितलं. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि घाबरलेल्या लेकराला समजवावं तसा थोपटला.

"असं कुटं असतंय व्हय?" ती म्हणाली. "समद्यांच्या घरात लेकीबाळी असत्यात. कुनीतरी म्हनलंच असंल."